ग्रामसुरक्षा यंत्रणा: तीन वर्षं फोन घेतल्यावरचं मत

सरळ सांगतो, पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो यंत्रणेपेक्षा आम्हा गाववाल्यांच्या वागण्याचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावातल्या लोकांचे नंबर आधी नोंदवून ठेवायचे, आणि काही झालं की नोंदवलेल्या मोबाईलवरनं १८००२७०३६०० ला फोन लावून बोलायचं, नाव, ठिकाण, काय झालंय ते. थोड्याच वेळात अख्ख्या गावाचे फोन एकदम वाजतात आणि तुमचाच आवाज ऐकू येतो. ॲप नको, नेट नको, आमच्या आजीच्या बटणाच्या डबड्यावर पण चालतं. अर्धवट बोललात तर संदेश पुढं जात नाही. गाडी चोरीला गेली तर दहा किलोमीटरच्या आतल्या गावांनाही कळतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला, जिकडं बघाल तिकडं ऊस. म्हणजे जुन्नर वनविभागाचा पट्टा, बिबट्या इथं बातमी नाही, शेजारी आहे. मागच्या थंडीत त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, भाऊ कांद्याला पाणी द्यायला निघालेला, मफलर गुंडाळून बॅटरी शोधत होता, तेवढ्यात घरातले चारही फोन एकदम वाजले. खालच्या मळ्यातल्या तात्यांचा आवाज, धाप लागलेली, "कॅनॉलच्या पुलापाशी आत्ता बिबट्या कुत्रं घेऊन उसात शिरलाय, पायी कुणी येऊ नका." भावाची वाट तीच. गडी मुकाट्यानं ओट्यावर बसला आणि आईनं त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली. कांद्याला पाणी दुसऱ्या दिवशी पण नाही दिलं, ते सोडा.

आता म्हणाल व्हॉट्सॲप ग्रुप आहेत की. आहेत, माझ्याच मोबाईलमध्ये गावाचे सहा आहेत. पण त्यावर बिबट्या दिसला म्हणून फोटो येतो तो कुठल्या जिल्ह्यातला, कधीचा, काय पत्ता नसतो. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतायत, चोर घरं हेरतायत असं चाललेलं तेव्हा आम्ही पोरं काठ्या घेऊन पहाटेपर्यंत जागलोय, आणि कुणीतरी टाकायचं की आत्ता शेजारच्या वाडीवर उतरलं, की पळा तिकडं. हसण्यावारी नेऊ नका, १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं, ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच्या मागं अशाच मोबाईलवरच्या अफवा होत्या.

या फोनचं वेगळेपण तिथंच आहे. बोलणारा स्वतःचं नाव सांगून स्वतःच्या तोंडानं बोलतो. उद्या खोटं निघालं तर पारावर त्यालाच बसायचंय आपल्यात, त्यामुळं माणूस दहादा विचार करून बोलतो. ड्रोनचा एक पण संदेश या फोनवर आमच्याकडं आला नाही, आता बोला. दवंडीत पण हेच होतं खरं तर, कोतवाल समोर दिसायचा.

बिबट्याशिवाय कशाला लागतो तर, डिंभे धरणातनं नदीला पाणी सुटणार असलं की काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढून घ्यायचा निरोप येतो, हा एक निरोपच सोन्यासारखा आहे, पाण्यात गेलेली मोटार परत भरून (वायंडिंग करून) घ्यायला काय जातं ते काठावरच्यांना विचारा. केबल चोर, बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, नेणारे, एकदा बाजारात चुकलेलं पोरगं, ते अर्ध्या तासात सापडलं, रसवंतीवर बसलेलं.

आता तक्रारी. पहिली म्हणजे आमची ग्रामपंचायत. घरपट्टी भरा, रेशन आलंय, ग्रामसभा आहे, परत घरपट्टी भरा. यंत्रणा यासाठी पण आहे, मान्य, पण दिवसाला तीन तीन फोन आले की लोक "आली घरपट्टी" म्हणून कट करतात, आणि त्यात एखादा बिबट्याचा पण कट होतो. आई तर आधी घ्यायचीच नाही, अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाला असं तिचं ठाम मत. मी तो नंबर तिच्या मोबाईलमध्ये "बिबट्या" नावानं सेव्ह करून दिला, तेव्हापासून पहिल्या रिंगला उचलते. सगळ्यांनी असंच करा. दुसरी तक्रार रेंजची, लाईट गेली की आमचा टॉवर तासाभरात झोपतो आणि टॉवर झोपला की यंत्रणा काय करणार.

तिसरी मला सगळ्यात जास्त टोचते. यादीत नंबर कुणाचे, तर गाववाल्यांचे, पक्क्या घरात दार लावून झोपणाऱ्यांचे. ऊस तोडायला बीडकडनं टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उसाच्या कडेलाच, पोरं उघड्यावर, आणि बिबट्याची मादी पिल्लं घालती ती त्याच उसात, तोड सुरू झाली की पिल्लं निघतात, मादी सैरभैर होऊन आसपासच फिरती. त्या रात्री तात्यांचा फोन आम्हाला आला, पुलापासून हाकेच्या अंतरावर अकरा कोप्या होत्या त्यातल्या एकालाही नाही. गावातले आप्पा मोटारसायकल घेऊन सांगायला गेले तेव्हा बाया बाहेर चुलीपुढं बसलेल्या.

पंचायतीत बोललो तर म्हणे ते चार महिन्यांचे पाहुणे, कशाला नोंद. मग यंदा टोळी उतरली त्याच दिवशी आप्पांनी मुकादमाला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, चहाला बोलावलं आणि वहीत नंबर लिहून घेतले, बायकांचे पण, कारण गडी पहाटे फडात आणि कोपीवर त्याच असतात. एकूण सव्वीस. त्यातले एकोणीस नोंदवून झालेत, बाकीच्यांचा रिचार्ज संपलेला.