सासवडच्या माळावरचा वॉरबर्ड शो: साडेतीन स्टार, त्यातला एक न उडालेल्या विमानाला

आधीच सांगतो, पैसे वसूल झाले का यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको म्हणते नाही, भाचा म्हणतो अजिबात नाही, मी म्हणतो हो, आणि सासरेबुवा काहीच बोलत नाहीत पण तिकिटाचा अर्धा तुकडा त्यांनी पाकिटात ठेवलाय आणि तो अजून फेकलेला नाही.

तर झालं असं, जुन्या लढाऊ विमानांची, म्हणजे वॉरबर्डची, रिमोटवर उडणारी मॉडेलं करणारी हौशी मंडळी आहेत आपल्याकडं, बरीचशी पुण्यातली, काही बाहेरगावची, त्यांनी मिळून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सासवडच्या पुढं एका माळावर शो ठेवला होता. मोठ्यांना ३५० रुपये, लहानांना २००, पार्किंगचे ५० वेगळे. वेळ सकाळी ८ ते १२. नावं घेत नाही, कारण ही काही कंपनी नाही, पदरचे पैसे घालून करणारी माणसं आहेत, आणि खालच्या तक्रारी वाचून आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना बरोबर कळेल.

आम्ही धानोरीत राहतो, म्हणजे विमानाचं आम्हाला कौतुक नाही, सुखोई डोक्यावरनं गेलं की फोनवर बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो आणि आवाज विरला की तिथूनच पुढं सुरू करतो, पाहुणे दचकतात, आम्ही नाही. पण जुनं विमान उडताना बघायचं म्हणलं तर पुण्यात काय आहे? लोहगावचा हवाई तळ १९३९ चा, महायुद्धात तिथं मॉस्किटो, वेलिंग्टन असली विमानं असायची, आता त्यातलं काय उरलंय. उडती जुनी विमानं आहेत ती हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडं, तीही दिल्लीच्या पलीकडं हिंडनला, टायगर मॉथ, हार्वर्ड आणि एक डाकोटा, म्हणजे माल आणि माणसं वाहणारं विमान. त्या डाकोटाची गोष्ट तर भारीच आहे, भंगारात निघालेला, तो तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी घेतला, त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाच उडवायचे, मग इंग्लंडात तो नीट करून घेतला आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तो स्वतःच्या पंखांवर उडत जामनगरपर्यंत आला, मे महिन्यात हिंडनला दाखल झाला. नाव परशुराम. अंगावर नंबर व्हीपी९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डाकोटाचा नंबर. असल्या इंजिनांना जेटचं रॉकेलसारखं इंधन चालत नाही, अ‍ॅव्हगॅस लागतं, आणि ते २०२२ पर्यंत आपण बाहेरून आणत होतो, मग इंडियन ऑइलनं बडोद्याला बनवायला घेतलं. एवढा सगळा खटाटोप एका विमानासाठी. त्यामुळं आपल्यासारख्यांच्या वाट्याला मॉडेलं येतात आणि मला तरी त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता शो. आठची वेळ होती, पहिलं विमान उडालं नऊ वाजून वीस मिनिटांनी. का, तर अ‍ॅम्ब्युलन्स दिवे घाटात अडकली होती आणि ती आल्याशिवाय एकही प्रॉपेलर फिरणार नाही असं त्यांच्या सेफ्टीवाल्या काकांनी ठरवलं होतं. ठरवलं ते बरोबरच, पण हे माइकवर सांगायला काय हरकत होती? अनाउन्सर दादा तासभर देशभक्तीपर गाणी लावून बसले आणि दर दहा मिनिटांनी 'बस पाचच मिनिटं' म्हणत राहिले. लोकांना कारण कळलं असतं तर निम्मी चिडचिड झाली नसती. बरं, ती सकाळची सव्वा तास वाया गेलेली शांत हवा पुढं किती महागात पडली ते सांगतोच.

जागा इतकी लांब का घेतली म्हणून बायको सारखी विचारत होती. तर मॉडेल असलं तरी ते आता ड्रोनच्याच नियमात येतं, २०२१ चे नियम आहेत, विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरच्या आत आलं की उंचीच्या अटी कडक होतात आणि आणखी जवळ गेलं की विचारायलाच नको. पुण्यात एका अंगाला लोहगाव, दुसऱ्या अंगाला एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी, मधे उरलेल्या मोकळ्या जागेवर बिल्डरांचे बोर्ड. मग उरतो माळ. त्यातही गंमत बघा, ज्या पुरंदर तालुक्यात खऱ्या विमानतळाचं इतकी वर्षं भिजत घोंगडं पडलंय त्याच तालुक्यात ह्यांनी शेतकऱ्याकडून जागा घेऊन, खडे वेचून, रोलर फिरवून धावपट्टी तयार केली.

पहिला टायगर मॉथ. पाव आकाराचा, म्हणजे पंख सव्वासात फूट, कापडाचाच, पिवळाधम्मक. ह्याच्यात बॅटरी नव्हती, खरं इंधनावरचं फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन होतं, सुरू झाल्याबरोबर इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास आला आणि सासरेबुवा एकदम ताठ बसले. ते हवाई दलात इंजिन फिटर होते, पहिली काही वर्षं हंटर ह्या जुन्या लढाऊ जेटवर. खऱ्या टायगर मॉथला ब्रेक नसतात, तसे ह्यालाही नव्हते, दोन पोरं पंख धरून त्याला पट्टीपर्यंत चालवत घेऊन गेली, लग्नात नवरदेवाचं घोडं नेतात ना तसं. उडाला तो इतका सावकाश की भाचा म्हणाला मामा हा पडणार. नाही पडला. उलट्या वाऱ्यात एका जागी लटकल्यासारखा राहिला, दोन घारी येऊन बाजूनं फिरून बघून गेल्या, त्यांनाही काही समजलं नसावं.

मग फोमचा स्पिटफायर, तीन फेऱ्या मारून उतरताना आडवा झाला. त्याची चाकं जवळजवळ असतात आणि शेपूट जमिनीला, त्यामुळं उतरल्यावर जरा दिशा चुकली की गोल फिरतो, खऱ्या स्पिटफायरचंही तेच दुखणं होतं. प्रॉपेलर तुटला, बाकी ठीक. मिग-२१ आला तेव्हा अनाउन्सर म्हणाले की हा आता व्हिंटेज झाला बरं का मंडळी, २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निरोप दिला. आमच्या पुढचे दोघं तिघं उभे राहिले. मला जरा म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

ह्याच अनाउन्सरनी डाकोटाला मात्र 'बॉम्बर' म्हणलं. आता काश्मीरच्या लढाईत डाकोटाच्या दारातून हातानं बॉम्ब ढकलले होते हे खरंय, पण म्हणून तो बॉम्बर होत नाही हो, एसटीतून ऊस नेला म्हणून तिला ट्रॅक्टर म्हणणार का. माइक ज्याच्या हातात द्यायचा त्याला आधी एक कागद लिहून द्या, ही विनंती.

पण डाकोटाची फ्लाइट, तीच त्या दिवसातली खरी चीज. आठ फुटी पंख, दोन मोटरी, चंदेरी अंग. दुसऱ्या फेरीला बरोबर आमच्या समोर डावी मोटर बंद पडली. विमान डावीकडं वळायला लागलं, म्हणजे गर्दीकडं. दोन मोटरींच्या विमानात अशा वेळी माणूस घाबरून नाक वर ओढतो आणि चालू मोटरला पूर्ण जोर देतो, मग विमान बंद मोटरच्या अंगावर पलटी खातं आणि संपतं सगळं. हा उडवणारा गडी, असेल पन्नाशीचा, टोपी उलटी घातलेला, त्यानं काय केलं तर चालू असलेली मोटरसुद्धा बंद करून टाकली! सगळं एकदम शांत. नाक खाली, शेपटीच्या रडरनं आमच्यापासून लांब वळवलं आणि पट्टीचा नाद सोडून पलीकडं ज्वारी काढलेल्या रानात पोटावर बसवलं. धसकटं मोडल्याचा आवाज इथपर्यंत आला. एक चाक आणि उजव्या पंखाचं टोक गेलं. पब्लिकनं 'अरेरे' केलं आणि सासरेबुवांनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या.

अकरापर्यंत वारा उठला. माळावर असंच असतं, ऊन तापलं की वारं सुटतं, म्हणून तर आठची वेळ ठेवली होती ना. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी पिशवी, आडवा झाला, आणि वारा पट्टीला काटकोनात, आमच्या दिशेनं ढकलणारा. आणि मॉडेल लहान असलं म्हणून वारा काही लहान होत नाही, खऱ्या विमानाला जी झुळूक वाटते ती ह्यांना वादळ. शेवटचा आयटम हंटर जेट होता, पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो त्याचाच, भाचा फक्त त्याच्यासाठी आलेला. मालक, तिशीतला पोरगा, विमान घेऊन पट्टीवर गेला, गुडघ्यावर बसला, चिमूटभर वाळलेलं गवत उपटून हवेत सोडलं. बघितलं. परत सोडलं. सेफ्टीवाल्या काकांशी काहीतरी बोलला. आणि विमान उचलून तंबूत परत घेऊन गेला.

शिट्ट्या. 'अरे उडव की' 'पैसे परत द्या' 'फुसका बार' सगळं झालं. अनाउन्सरनी पुन्हा गाणं लावलं, काय बोलणार. भाच्यानं आजोबांना विचारलं, एवढा मोठा माणूस घाबरला का? तर सासरेबुवा म्हणाले, "अरे, सही कोण करणार होतं?" त्यांच्या नोकरीत विमानाच्या फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीवर, फिटरची सही झाल्याशिवाय पायलट विमान घेत नसे, ते डोक्यात. भाच्याला काही कळलं नाही. मला कळलं कारण मला शोरहॅम आठवत होतं, २२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडातला एअरशो, विमान हंटरच, लूप, म्हणजे हवेत उभा गोल, मारताना वर पुरेशी उंची मिळाली नाही तरी पुढं रेटलं आणि ते बाहेरच्या हमरस्त्यावर आलं. अकरा माणसं गेली, शोच्या मैदानात एकही नव्हता, कोणी गाडीत होतं, कोणी सायकलवर, कोणी रस्त्याच्या कडेला उभं. त्यानंतर तिथं जुन्या जेटच्या कसरतींवर बंधनं आली. आता चार फुटी फोमचा हंटर म्हणजे काही तो हंटर नव्हे, मान्य, पण चार-पाच किलोचं विमान शंभराच्या स्पीडनं कुणाच्या पोराच्या तोंडावर आलं तर? माझ्या साडेतीनशेतले शंभर रुपये त्या गवताच्या चिमटीचे, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली मग गवतच बघायला धानोरीत काय वाईट होतं.

आता खऱ्या तक्रारी. दोरी एकच आणि तीही कमरेच्या खाली, सेल्फीवाले सारखे ओलांडत होते, दोन स्वयंसेवक बिचारे घसा फोडून थकले. दोन दोऱ्या लावा, मधे मोकळी जागा ठेवा. सावली फक्त पाहुण्यांच्या शामियान्यात, बाकी सगळे उन्हात. पाणी विकतचं आणि साडेदहाला संपलं! हे मी हसण्यावारी नेणार नाही, ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीनावर हवाई दलाच्या शोला पाच माणसं दगावली, उन्हानं आणि गर्दीनं, विमानांना काहीच झालं नव्हतं. तिथं लाखो लोक होते, इथं सातआठशे, पण ऊन तेच. दोन टँकर आणि चार मांडव, एवढंच मागतोय.

आणि पार्किंग. गुडघाभर वाळलेल्या गवतात गाड्या लावायला लावल्या आणि शेजारीच वडापाववाल्याचा स्टोव्ह. २०१९ ला बंगळुरूच्या एरो इंडियात, येलहंकाला, असल्याच वाळक्या गवतातल्या पार्किंगला आग लागून तीनेकशे गाड्या जळाल्या होत्या. मी तिथल्या पोराला म्हणलं तर तो म्हणाला काका काय होत नाय. मी गाडी काढून रस्त्याला लावली, ५० रुपये गेले ते गेले. पुढच्या वेळी आधी गवत कापा, ते होणार नसेल तर गाड्या रस्त्यालाच लागू द्या.

टॉयलेट दोनच, बायकांची रांग लांबलचक. मिसळ बरी होती. येताना रस्त्यावर अंजीर चांगले मिळाले, ह्याचे मार्क आयोजकांना नाहीत.

सगळं संपल्यावर तंबूत सोडत होते, हा भाग मात्र फुकट आणि एक नंबर, कोणीही 'हात लावू नका' म्हणून ओरडलं नाही. डाकोटावाला तुटलेलं चाक हातात घेऊन पोरांना बंद पडलेल्या मोटरची वायर कुठं सुटली ते दाखवत होता. सासरेबुवा सरळ हंटरकडं गेले. आधी म्हणाले आवाज कसा असतो, तर पोरानं मोटर जरा फिरवली, ते म्हणाले हा पंख्याचा आवाज, एव्हनचा नाही (एव्हन म्हणजे खऱ्या हंटरचं इंजिन). पोरगा म्हणाला हो काका, आत पंखाच आहे. मग ते वाकले, चष्मा वर केला आणि विमानाच्या नाकाखाली बोटं फिरवली. तिथं दोन छोटे फुगवटे असतात, तोफांच्या गोळ्यांच्या पट्ट्याच्या रिकाम्या कड्या साठवायचे, स्वस्तातल्या मॉडेलला ते करत नाहीत. ह्यानं केले होते, फायबरचे, घासून गुळगुळीत. सासरेबुवांनी त्याला विचारलं किती दिवस लागले, तो म्हणाला ह्या दोघांनाच तीन रविवार.

मग अर्धा तास आम्ही नुसते उभे.

पुढच्या वर्षी शो असेल तर आमची चार तिकिटं धरा. भाच्याची अट आहे की हंटर पहिला उडवायचा, वारा उठायच्या आत. सासरेबुवांना खुर्ची पाहिजे, पाठ टेकायची, आणि सावली.