मोजणीच्या नावाखाली मला 3,58,100 रुपयांना बुडवलं

गावाकडच्या जागेला कंपाउंड घालायचं मनात असेल तर आधी हे वाचा, कुदळ नंतर मारा.

सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित 14 गुंठे जागा आहे. वडील गेल्यावर आईची एकच इच्छा होती, जागेला भिंत घालावी आणि आत चार आंबे लावावेत. मी पुण्यात नोकरीला. मोजणीची चौकशी करायला भूमी अभिलेख कार्यालयात गेलो, तर बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी 'तो' भेटला. "आत नंबर लागायला सहा महिने जातील, माझी साहेबांशी ओळख आहे, पंधरा दिवसांत क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात देतो." त्याचे 22,000 रुपये मागितले: 16,000 सरकारी फी, 6,000 वरखर्च. मी दिले. पावती मागितली तर म्हणाला, चलन नकाशाबरोबर मिळेल.

मोजणी रविवारी झाली. मला सुट्टी, म्हणून बरंच वाटलं. सरकारी भूकरमापक रविवारी मशीन घेऊन बांधावर कशाला येईल, हे डोक्यातच आलं नाही. पण ते एक वेळ सोडा. त्या दिवशी शेजारचे तात्या बांधावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मोजणी हाय म्हणतोस, मग आमाला नोटीस का न्हाई आली रं?"

हा तो क्षण. आजही आठवला की झोप उडते. हद्द कायम मोजणी, म्हणजे जागेची हद्द ठरवणारी मोजणी, असली की लगतच्या खातेदारांना आधी नोटीस जातेच, हे तात्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी त्या माणसाकडे पाहिलं, तो म्हणाला, "शेजाऱ्यांचं असंच असतं, जागा सरकते म्हणून पोटात दुखतं." आणि मी त्याचं ऐकलं! ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, त्याच्यावर मी संशय घेतला. पश्चिमेच्या कडेला बैलगाडीच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. "पावसाच्या पाण्याची घळ आहे," म्हणाला. तेही मी ऐकून घेतलं.

कुणी म्हणेल, शिकलेला माणूस आणि इतका भोळा? पण मी काही फुकट किंवा चोरून करायला निघालो नव्हतो. मी मोजणी करूनच भिंत बांधायला निघालो होतो. हातात गोल शिक्का असलेला नकाशा आला होता. नकाशावर मोजणी रजिस्टर नंबर आहे का, सही खाली उप अधीक्षकांचं पद आहे का, हे बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं होतं? तुम्ही बघा. नंबर असेल तर तो कार्यालयात जाऊन पडताळा.

210 फूट भिंत, 2,73,000 रुपये. गेट 38,500. गिलावा वाळायच्या आत तहसीलची नोटीस आली. ती चाकोरी म्हणजे मागच्या चार शेतकऱ्यांची जुनी गाडीवाट होती. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली त्यांनी अडथळा काढायचा दावा लावला, आणि त्यांचं बरोबरच होतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात वाट लिहिलेली नाही म्हणजे वाट नाही, असं समजू नका. 1882 च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्याप्रमाणे 20 वर्षं उघडपणे, हक्काने, खंड न पडता वापर असेल तर वहिवाटीचा हक्क तयार होतो, कागदावर असो वा नसो. म्हातारी माणसं गाठा, गाडी कुठून जायची ते विचारा. गटाचा नकाशाही काढा, सातबाऱ्यावर फक्त क्षेत्र कळतं, हद्द नाही.

मग मी खरी मोजणी केली, ऑनलाइन अर्ज करून. फी त्याने घेतलेल्या पैशांच्या निम्मीही नव्हती. दक्षिणेची भिंत तात्यांच्या रानात चार फूट आत निघाली. जेसीबीचे 9,600, वकिलाचे 15,000.

आणि सरकार? भूमी अभिलेखात म्हणाले, "हा नकाशा आमचा नाही." बरं, तुमचा नाही तर तुमच्या नावाचा शिक्का मारणारा माणूस तुमच्याच दारात बसतो, त्याचं काय? "लेखी अर्ज द्या." दिला. तीन वेळा गेलो. एकदा साहेब मीटिंगला, एकदा टेबल बदललं, तिसऱ्यांदा माझा अर्जच सापडेना. दुसरी प्रत द्यायला सांगितली, तीही दिली. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे." सरकारी कार्यालयाचा खोटा शिक्का दिवाणी कसा? मी विचारलं तर हवालदार म्हणाला, तुम्हीच पैसे दिलेत ना. तलाठ्यांनी तर फोनच उचलला नाही. चार शेतकऱ्यांची वाट अडली तर कायदा जागा होतो, व्हायलाच हवा, पण मला लुटणाऱ्यासाठी एकाही टेबलावर कागद हलत नाही.

पैसे फक्त चलनाने भरा. शेजाऱ्यांना नोटीस आली का, हे मोजणीआधी त्यांच्या घरी जाऊन विचारा. खुणा लागतील तेव्हा त्यांना समोर उभं करा.

तात्यांची माफी मागायला गेलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, चहा पुढे केला. मागच्या आठवड्यात त्यांनीच फोन करून सांगितलं, तोच माणूस तेच मशीन घेऊन शेजारच्या गावात उतरलाय. मी रजा टाकून गेलो आणि त्या घरच्या लोकांना माझ्याकडचा नकाशा दाखवला. त्यांनी 18,000 आधीच दिले होते.