ज्ञान पोस्ट की स्पीड पोस्ट? घरून पुस्तकं विकणाऱ्यांसाठी

पुस्तकाची किंमत १२० रुपये आणि ते पोचवायला ९०, असं सांगितलं की समोरचा "बघतो, कळवतो" म्हणतो आणि मग कधीच कळवत नाही. जुनी मराठी पुस्तकं घरून विकणाऱ्या सगळ्यांनीच हे अनुभवलं असणार. मी सांगलीतून हे काम करतो, बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॅपवर येतात, महिन्याला साठ-सत्तर पॅकेटं जातात, त्यामुळे कशाने पाठवायचं हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकं आणायची कुठून याच्याइतकाच मोठा आहे. नवीन सुरुवात करणारे बरेच जण विचारतात म्हणून एकदा नीट लिहितो. कुरिअर यात धरलेलं नाही, कारण माझी अर्धी गिऱ्हाइकं तालुक्याच्याही पुढच्या गावांत राहतात आणि तिथं दारापर्यंत पोस्टमनच जातो.

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं, मधला एक रस्ता होता. छापील पुस्तकांसाठी रजिस्टर्ड पोस्टची वेगळी स्वस्त सोय होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यानंतरचे चार-साडेचार महिने माझ्याकडच्या स्वस्त पुस्तकांची विक्री जवळजवळ थांबली होती, महागडी तेवढी जात होती. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट, म्हणजे पोस्ट खात्याची खास पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा, सुरू झालं. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टच स्पीड पोस्टात विलीन झालं. म्हणजे आता पुस्तकवाल्यापुढे सरळ दोन दारं आहेत, स्वस्त आणि सावकाश, नाहीतर महाग आणि लवकर.

पैशाचं आधी बोलू. ज्ञान पोस्टला ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोला १०० रुपये, टॅक्स वेगळा. स्पीड पोस्टचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदललेत, आता ५० ग्रॅमचं साधं पाकीट गावातल्या गावात १९ आणि गावाबाहेर ४७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पुस्तक ५० ग्रॅमचं नसतंच, त्यामुळे खरा खर्च त्याच्या बराच वर जातो. पण माझ्या मते एका पुस्तकाला किती लागतात यापेक्षा दुसऱ्या, तिसऱ्या पुस्तकाला किती वाढतात हे बघायला पाहिजे, आणि हे मला खूप उशिरा कळलं. ज्ञान पोस्टात वजन वाढलं तरी पोस्टेज फार हलत नाही. त्यामुळे एखाद्याने एक कादंबरी मागितली की मी त्याला सांगतो, तुम्हाला अजून दोन घ्यायची असतील तर पोस्टेजमध्ये थोडाच फरक पडेल, आणि माणूस खरंच घेतो. इंदूरच्या एका गृहस्थांनी दोन पुस्तकांची ऑर्डर दिली होती, हे सांगितल्यावर यादी मागवली आणि अकरा पुस्तकं नेली. स्पीड पोस्टात हे होत नाही, तिथं वजनाबरोबर बिल चढत जातं आणि गिऱ्हाईक पुस्तकं कमी करत बसतं. मी आता याद्यासुद्धा वेगळ्या करतो, एकाच विषयाची चार-पाच पुस्तकं एकत्र गठ्ठ्याने लावतो, कारण तसा गठ्ठा पाठवणं परवडतं.

दिवसांचं म्हणाल तर माझ्याकडे एक वही आहे, तारीख टाकून लिहितो. स्पीडने पुणे-मुंबई दोन दिवस, कधी तीन, नागपूर तीन-चार, दिल्ली चार-पाच. ज्ञानने पुणे-मुंबई चार-पाच दिवस, नागपूर सहा-सात, इंदूर बडोदा आठच्या आसपास, आणि बेळगावला मात्र चौथ्या दिवशी पोचल्याचंही लिहिलंय. हे माझ्या गावातून, माझ्या वेळेला टाकलेल्या पॅकेटांचं आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकतं, पण फरक साधारण दुपटीचा धरून चाला. लवकर पोचणं एवढंच बघायचं असेल तर स्पीड पोस्ट चांगलं आहे यात काही प्रश्नच नाही.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो.

नागपूरच्या एका मुलाने तीन खंडांचा जुना संच मागवला होता, वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी, वाढदिवस रविवारी. बुधवारी रात्री त्याने विचारलं, "दादा, शनिवारपर्यंत पोचेल ना?" आणि मी लिहिलं, "स्पीडने टाकतो, पोचेल." गुरुवारी पॅकिंग केलं, पण एका खंडाची शिवण उसवलेली दिसली, ती चिकटवून वाळेपर्यंत थांबलो, काउंटरला पोचलो तेव्हा त्या दिवसाची बॅग निघून गेली होती, म्हणजे पॅकेट प्रत्यक्षात शुक्रवारी निघालं. सोमवारी पोचलं. अंतर बघता सोमवार हा उशीर नव्हेच, जेवढे दिवस लागायचे तेवढेच लागले. पण त्या मुलाचा मेसेज आला, "बाबांचा वाढदिवस काल झाला. पुस्तकं मिळाली, छान आहेत, धन्यवाद." तो भांडला असता तर बरं झालं असतं. शनिवार हा शब्द मी दिला होता, आणि तो मी फक्त स्पीड या नावाच्या भरवशावर दिला होता.

त्यानंतर मी दोन महिन्यांचे व्हॉट्सॅप मेसेज मागे जाऊन वाचले. "अजून आलं नाही" असे मेसेज स्पीडने पाठवलेल्या पॅकेटांचे जास्त होते. पॅकेटं लवकर पोचत होती तरी! कारण सरळ आहे, स्पीड म्हटलं की माणूस बुकिंगच्या संध्याकाळपासूनच मोजायला लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकिंगचा फोटो पाठवतो, दुपारी विचारतो की हे इथंच का दिसतंय, मध्ये रविवार आला तर तो धरत नाही, आणि त्याची यात चूक आहे असंही मला वाटत नाही कारण त्याने जास्तीचे पैसे दिलेले असतात. मी रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास फक्त हेच उत्तर देत बसायचो. पुस्तकांबद्दल बोलायचं राहून जायचं, आणि खरं तर मी हा धंदा पुस्तकांबद्दल बोलायला मिळतं म्हणून करतो.

ज्ञान पोस्टाला मी सांगतो, "आठ ते दहा दिवस धरा, त्याच्या आत आलं तर चांगलंच." ऑर्डर घेतानाच सांगतो, पैसे घ्यायच्या आधी. ज्याला चालत नाही तो तिथंच सांगतो आणि त्याला मी स्पीडचा दर देतो. ज्याला चालतं तो मग शांत असतो. सहाव्या-सातव्या दिवशी "अहो आलंसुद्धा!" असा मेसेज येतो, बऱ्याचदा पुस्तकाच्या फोटोसकट. बडोद्याच्या एका आजींनी तर मला समजावलं होतं, "घाई करू नकोस, मी हे पुस्तक चाळीस वर्षं शोधतेय, आठ दिवसांनी काय होतंय." जुन्या पुस्तकांचं गिऱ्हाईक बहुतेक असंच असतं. त्यांना पुस्तक मिळणार आहे याची खात्री हवी असते, उद्याच मिळावं असा हट्ट क्वचितच असतो.

एक गोष्ट मात्र आधी समजावून सांगावी लागते. ज्ञान पोस्ट सरफेसने जातं, म्हणजे रस्त्याने, रेल्वेने. ट्रॅकिंग आहे, पण बॅग एका ठिकाणी बंद झाली की पुढच्या ठिकाणी उघडेपर्यंत ट्रॅकिंगवर तीच ओळ दिसत राहते, दोन दिवस, कधी तीन. नवख्या माणसाला वाटतं पॅकेट हरवलं. मी नंबर पाठवतानाच खाली लिहितो की मध्ये दोन-तीन दिवस काही बदल दिसणार नाही, काळजी करू नका. ही एक ओळ लिहायला लागल्यापासून माझे निम्मे मेसेज कमी झाले असतील.

म्हणून काय, स्पीड मी सोडलेलं नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं स्पीडनेच पाठवतो, तिथं आठ दिवस म्हणजे अभ्यासाचे आठ दिवस गेले. तारखेची भेटवस्तू असेल तरी स्पीडच, फक्त आता मी तारखेचा शब्द देत नाही आणि चार दिवस हातात नसतील तर नाही म्हणतो. आणि दुर्मिळ, हजार-दोन हजारांच्या वरची पुस्तकं. त्यांना स्पीडमध्ये पाच रुपये जास्त भरून ओटीपी घेऊन डिलिव्हरीची सोय घेतो, म्हणजे ज्याला ओटीपी गेलाय त्याच्याच हातात पॅकेट जातं, शेजारी ठेवलं आणि विसरलं असं होत नाही. त्या पाच रुपयांनी मला शांत झोप लागते. ज्यांचं काम मोठं आहे त्यांनी बल्क ग्राहक, म्हणजे एकदम भरपूर पॅकेटं पाठवणारा, म्हणून नोंदणी करता येते का ते विचारून बघा, नवीन बल्क ग्राहकाला स्पीडमध्ये ५ टक्के सूट जाहीर झालेली आहे.

ज्ञान पोस्टच्या अटी मात्र नीट पाळा. आत फक्त पुस्तकं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव पाहिजे, जुन्या पुस्तकांचं पहिलं पान फाटलेलं असतं तेव्हा हे नडतं, म्हणून मी आधीच शेवटच्या पानावर बघून घेतो. धंद्याच्या जाहिरातींचा मजकूर चालत नाही. नियमित निघणारी नियतकालिकं पण चालत नाहीत, आणि इथंच आमच्यासारख्यांची अडचण होते, कारण जुने दिवाळी अंक. साठ-सत्तरच्या दशकातले दिवाळी अंक मागणारी माणसं माझ्याकडे भरपूर आहेत, पण दिवाळी अंक दरवर्षी निघतो, पुस्तक म्हणून तो देता येत नाही. मी एकदा काउंटरला विचारलं, तिथल्या बाईंनी नियम वाचून दाखवला, त्यांचं बरोबर होतं. आता अंक वेगळे बांधतो आणि ते स्पीड किंवा पार्सलने जातात, गिऱ्हाइकाला दोन पोस्टेज पडतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. यावर चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

पूर्वी मी प्रत्येक पॅकेटात हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी टाकायचो, ती पण ज्ञानने पाठवताना बंद केली. आता पॅकेट पोचल्यावर तेच व्हॉट्सॅपवर लिहितो. तेवढी मजा नाही त्यात, पण नियम तो नियम.

पॅकिंगबद्दल दोन शब्द, कारण सावकाश जाणाऱ्या पॅकेटाला जास्त हात लागतात. आधी प्लॅस्टिक, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा, पुठ्ठा पुस्तकापेक्षा बोटभर मोठा घ्या म्हणजे कोपरे दुमडत नाहीत, मग खाकी कागद आणि कडेने टेप. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकचे दोन थर. एकदा मी ऑगस्टमध्ये एकाच थरावर भागवलं होतं आणि कोकणात गेलेल्या एका कवितासंग्रहाची पानं एकमेकांना चिकटली, पैसे परत केले, पण ती प्रत काही परत येणार नव्हती. पावसाळ्यात कोकण, गोवा असेल आणि पुस्तक एकुलतं एक असेल तर मी स्वतःच्या खिशातून फरक घालून स्पीडने पाठवतो. आणि पिनकोड फोनवर ऐकून लिहू नका, टाइप करून मागा, एक आकडा चुकला तर ज्ञानचं पॅकेट भलतीकडे जाऊन परत यायला पंधरा दिवस सहज जातात.

तुमचा माल कपडे, खाऊ, औषधं असा असेल तर यातलं बरंचसं लागू होणार नाही, ज्ञान पोस्ट तुमच्यासाठी नाहीच. नवी पुस्तकं विकणाऱ्या प्रकाशकांचंही गणित वेगळं असेल, नवं पुस्तक बाजारात आलं की लोकांना ते त्याच आठवड्यात हवं असतं. पण जुनी पुस्तकं, कमी किमतीची, वाट बघायला तयार असलेली माणसं, असं तुमचं काम असेल तर आधी ज्ञानने दोन महिने करून बघा, दिवस मोकळेपणाने जास्त सांगा, आणि वही ठेवा.

आज सकाळी नऊ पॅकेटं बांधली. सात ज्ञानने गेली. एक स्पीडने, लातूरच्या एका मुलीचं, तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. नववं १९६८ च्या दिवाळी अंकाचं आहे, ते अजून टेबलावरच आहे, पोस्टेज किती पडेल ते त्या काकांना कळवलंय, त्यांच्या उत्तराची वाट बघतोय.