उंदरातला जीएलपी-१ रिसेप्टर शोधायचाय: कुठली अँटिबॉडी घ्यावी, आणि कधी घेऊच नये

मधुमेह आणि वजनावरच्या सेमाग्लुटाइडची चर्चा घरोघरी पोचल्यापासून, ते औषध पेशीवर जिथे बसतं त्या जीएलपी-१ रिसेप्टरवर काम करू पाहणारे पीएचडीचे विद्यार्थी वाढलेत. भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, अँटिबॉडी कुठली मागवू?" (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवून देणारं साधन म्हणजे अँटिबॉडी.) मी उलट विचारते, "तुला बघायचंय काय?" त्या पेशीत रिसेप्टर आहे की नाही? तो पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर आहे का? की औषध दिल्यावर तो कमी झाला का? तिन्ही प्रश्न ऐकायला सारखे वाटतात, पण प्रत्येकाला वेगळं साधन लागतं. काही वेळा तर अँटिबॉडीची कुपी उघडायचीच गरज नसते.

इथे उंदीर म्हणजे माऊस. रॅटवर काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल, पण माऊसवर चाललेला क्लोन (एकाच पेशीवंशातून आलेली अँटिबॉडी) रॅटवर चालेलच असं नाही. तो वेगळा तपासावा लागतो.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण माझी सगळी मतं तिथूनच आली आहेत. सशात बनवलेली एक पॉलिक्लोनल (म्हणजे नाना अँटिबॉड्यांचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी आम्ही मागवली होती. माहितीपत्रकावर उंदराच्या स्वादुपिंडाचा सुरेख फोटो होता. आमच्या सेक्शनवरही (ऊतीच्या पातळ कापावर) आयलेट, म्हणजे इन्सुलिनसारखी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, छान तपकिरी दिसले, म्हणजे अँटिबॉडी तिथे चिकटली, आणि सगळे खूश झाले. मग उत्साहाच्या भरात यकृताचा सेक्शन लावला, तर तोही तपकिरी. यकृताच्या पेशी ओळीने, एकसारख्या, अगदी पुस्तकातल्या चित्रासारख्या रंगलेल्या. यकृतात आणि मूत्रपिंडात नैसर्गिक बायोटिन भरपूर असतं आणि अ‍ॅव्हिडिन-बायोटिनची रंग आणायची पद्धत वापरली की ते खोटा रंग देतं, हे माहीत होतं, म्हणून बायोटिन ब्लॉक करून पुन्हा लावला. रंग थोडा उतरला, पण गेला नाही. "म्हणजे यकृतात रिसेप्टर आहे" असं प्रयोगशाळेत बोललं जाऊ लागलं. पुढे ओळखीतून ज्यांच्यात हा रिसेप्टरच नाही अशा नॉकआउट उंदरांच्या यकृताचे चार सेक्शन मिळाले. तेही तितकेच तपकिरी निघाले. स्वादुपिंडाचाही सेक्शन होता; त्यातल्या आयलेटचा रंग थोडा फिका होता, इतकंच.

सात महिने गेले होते. चूक आमच्या हातांची नव्हती, निवडीची होती.

हे आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. २०१३ मध्ये टोरांटोच्या ड्रकर गटाने उंदरांच्या यकृतावर आणि धमन्यांवर केलेल्या कामात हेच नोंदवलं: बाजारात मिळणाऱ्या जीएलपी-१ रिसेप्टरच्या अँटिबॉड्या ना पुरेशा संवेदनशील होत्या, ना नेमक्या. त्याच वर्षी 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात अँजिओटेन्सिनच्या एटी-१ रिसेप्टरबद्दल तसाच निष्कर्ष आला. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणाऱ्या चाचणीत, साध्या आणि नॉकआउट उंदरांत बँड (पट्टे) तेच आणि तिथेच. त्याआधी २००९ मध्ये मार्टिन मिखेल आणि सहकाऱ्यांनी हे दोन्ही रिसेप्टर ज्यात येतात त्या जीपीसीआर (जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांच्या) कुळातल्या १९ रिसेप्टर उपप्रकारांवरच्या ४९ अँटिबॉड्या नेमक्या नसल्याचं एकत्र मांडलं होतं. तेव्हा या कुळातल्या रिसेप्टरची अँटिबॉडी सिद्ध होईपर्यंत संशयितच धरायची.

पॉलिक्लोनल की मोनोक्लोनल

या रिसेप्टरांचा बराचसा भाग पेशीच्या पडद्यात सात वेढ्यांनी रुतलेला असतो आणि बाहेर डोकावणारा भाग थोडा. शिवाय पेशीगणिक त्यांची संख्याही कमी. अँटिबॉडी बनवणारे बहुतेकदा पंधरा-वीस अमिनो आम्लांचा एक तुकडा घेऊन सशाला टोचतात. ससा त्या तुकड्याविरुद्ध नाना तऱ्हेच्या अँटिबॉड्या बनवतो आणि त्यातल्या काही दुसऱ्याच प्रथिनांनाही चिकटतात. प्रथिन मुबलक असेल तर खऱ्या रंगापुढे हा खोटा रंग झाकून जातो. आपलं प्रथिन मूठभर, त्यामुळे खोटाच वरचढ ठरतो.

जीएलपी-१ रिसेप्टरच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: तो ज्या वर्गातला आहे, त्या वर्गात पेशीबाहेरचा सुरुवातीचा भाग चांगला शंभराहून जास्त अमिनो आम्लांचा असतो. म्हणजे अँटिबॉडीला धरायला बाहेरच्या बाहेर जागा आहे. तरीही कित्येक पॉलिक्लोनल शेवटच्या, पेशीच्या आतल्या टोकाविरुद्ध बनवलेल्या असतात. जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर त्यांचा काडीचा उपयोग नाही, कारण त्यांना आत शिरताच येत नाही. पेशीला छिद्रं पाडून रंग दिलात तर तो "पृष्ठभागावरचा रिसेप्टर" उरत नाही. पेशीच्या आत साठलेला, अजून बाहेर न आलेला, पुन्हा आत ओढला गेलेला, सगळाच त्यात येतो. म्हणून कुपीच्या किमतीआधी इम्युनोजेन (सशाला टोचलेला तुकडा) कुठल्या भागाचा आहे ते वाचा. माहितीपत्रकावर ते लिहिलेलंच नसेल तर ती कुपी मी घेत नाही.

पॉलिक्लोनलचा दुसरा तोटा हळूहळू कळतो. ससा मेला की तो लॉट संपला. पुढचा लॉट म्हणजे दुसरा ससा, जवळपास दुसरीच अँटिबॉडी. तीन वर्षांच्या पीएचडीत मध्येच लॉट बदलला तर पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमाची (अँटिबॉडी बनवणारी पेशी अमर कर्कपेशीशी जोडायची) पद्धत दिली तेव्हापासून याला उत्तर आहे, मोनोक्लोनल: एकच क्लोन, एकच जागा, कितीही वर्षं. उंदराच्या जीएलपी-१ रिसेप्टरसाठी ७एफ३८ हा मोनोक्लोनल वापरला गेला आहे आणि आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेतून तो मिळतो. पण "मोनोक्लोनल" या शब्दानेच निश्चिंत होऊ नका. तोही चुकीच्या प्रथिनाला चिकटू शकतो, फक्त दरवेळी त्याच चुकीच्या प्रथिनाला. आणखी एक अडचण उंदीरवाल्यांचीच आहे. उंदरातच बनवलेला मोनोक्लोनल उंदराच्याच ऊतीवर लावला की सेकंडरी अँटिबॉडी (आपल्या मूळ अँटिबॉडीला, म्हणजे प्रायमरीला, पकडून रंग देणारी) ऊतीतल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही पकडते. त्यामुळे रक्तवाहिन्यांभोवती आणि जखमेच्या जागी खोटा रंग येतो. यावर ब्लॉकिंगचे संच मिळतात, किंवा प्रायमरीलाच थेट रंग जोडून सेकंडरी टाळता येते. सशातला मोनोक्लोनल मिळत असेल तर हा त्रास उरतच नाही.

दोन्ही समोर असतील आणि पैसे एकाचेच असतील तर मोनोक्लोनल, तोही नॉकआउट ऊतीवर रंग गेल्याचा पुरावा असलेला. माहितीपत्रकातला नुसता सुंदर फोटो हा पुरावा नाही. आयसोटाइप कंट्रोलही (त्याच प्रकारची, पण त्या प्रथिनाला न बसणारी अँटिबॉडी) पुरेसा नाही. अँटिबॉडीचा दांडा उगाच चिकटत नाही एवढंच त्यातून कळतं. पेप्टाइड आधी मिसळून रंग घालवायची जुनी पद्धत तर फसवीच आहे. पेप्टाइड अँटिबॉडीचं तोंड बंद करतं, म्हणजे खरा आणि खोटा दोन्ही रंग जातात आणि आपण खूश होतो.

चमकणारा लिगँड

पृष्ठभागावरचाच रिसेप्टर बघायचा असेल तर माझा कल अँटिबॉडीकडे नसतो; लिगँडकडे, म्हणजे रिसेप्टरवर बसणाऱ्या रेणूकडे, असतो. एक्सेंडिन(९-३९) हा या रिसेप्टरला घट्ट बसणारा, पण त्याला चालू न करणारा पेप्टाइड आहे. त्याला चमकणारा रंग जोडून बनवलेले लक्सेंडिन नावाचे प्रोब (शोधक रेणू) २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आले. ते करणाऱ्यांनी क्रिस्परने (जनुक कापायच्या तंत्राने) स्वतंत्र नॉकआउट उंदीरही तयार केले आणि त्यांच्या आयलेटमध्ये लक्सेंडिन-६४५ची चमक दिसली नाही. एवढी स्वच्छ कसोटी अँटिबॉडीच्या माहितीपत्रकांत क्वचितच भेटते.

याचं मोठं बलस्थान म्हणजे जिवंत आयलेट. काढलेला आयलेट प्रोबमध्ये ठेवला, धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, झालं. फिक्स करणं नाही, उकळणं नाही. बीटा (इन्सुलिन बनवणाऱ्या) पेशींच्या कडा जाळीसारख्या उजळतात आणि पेशीचं पोट काळं राहतं. पृष्ठभागावर आहे म्हणजे काय, ते त्या चित्रात डोळ्याला कळतं. रिसेप्टर चालू करणारा प्रोब घेतलात तर तो रिसेप्टरला आत ओढून नेतो आणि पोटातही ठिपके दिसू लागतात. रिसेप्टर आत जाताना बघायचं असेल तरच तसा घ्या.

मर्यादाही ठसठशीत आहेत. ज्या उंदराला तुम्ही आधीच लिराग्लुटाइड किंवा सेमाग्लुटाइड दिलंय, त्याच्या रिसेप्टरची जागा औषधानेच अडवलेली असते. तिथे प्रोबची चमक कमी झाली तर रिसेप्टर कमी झाला की जागा भरली, हे सांगता येत नाही. वेगळ्या जागी बसणारी अँटिबॉडी इथे उपयोगी ठरते. आणि जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेल्या ऊती) कपाटात पडून असतील तर त्यांच्यावर प्रोब चालायची आशा ठेवू नका.

रिपोर्टर उंदीर आणि आरएनए

"या पेशीत हे जनुक चालू आहे का" एवढाच प्रश्न असेल तर इन सिटू हायब्रिडायझेशन (ऊतीत जागच्या जागी आरएनए दाखवणारी पद्धत) अँटिबॉडीपेक्षा बिनधोक. प्रोब कुठे बसणार हे क्रमावरून आधीच माहीत असतं. पण आरएनए पेशीच्या मुख्य देहात असतं आणि रिसेप्टर कुठेही पोचलेला असतो. व्हेगस मज्जातंतूच्या नोडोज गँगलियनमध्ये (त्याच्या पेशींच्या गाठीत) आरएनए दिसेल, रिसेप्टर मात्र त्या पेशींच्या लांबवर गेलेल्या टोकांवर. मेंदूवर काम करणाऱ्यांनी म्हणून दोन्ही एकत्र करावं. २०१८ मध्ये नर उंदरांच्या मेंदूवर नवी अँटिबॉडी आणि इन सिटू अशी जोडी लावून काम झालेलं आहे.

क्री रिपोर्टर उंदीर, म्हणजे जनुक चालू झालेल्या पेशी ज्यांच्यात चमकतात असे, दिसायला सगळ्यात देखणे. २०१४ पासून या जनुकाचे आहेत. फक्त क्रीचा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. गर्भात असताना काही दिवस जनुक चालू होतं, अशी पेशीही आयुष्यभर चमकत राहते.

स्लाइड, फ्लो की ब्लॉट

ब्लॉटबद्दल थोडक्यात: या रिसेप्टरसाठी एकटा ब्लॉट मी कधीच सुचवत नाही. अपेक्षित बँड ५३ किलोडाल्टनच्या आसपास, पण साखरेच्या साखळ्या जोडल्यामुळे तो वर सरकतो आणि पसरतो. नमुना ९५ अंशांवर उकळलात तर पडद्यातली प्रथिनं गोळा होऊन जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेत) अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलेलं बरं. आणि ब्लॉट पृष्ठभागाबद्दल काहीच सांगत नाही.

फ्लो सायटोमेट्री (सुट्या पेशी एकेक करून मोजणारी पद्धत) आकडे देते, म्हणून सगळ्यांना हवी असते. पण आयलेट सुटा करायला ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) वापरलंत तर पेशीबाहेरचा भागच छाटला जातो आणि मग "रिसेप्टर नाही" असा निकाल लागतो. सौम्य द्रावण घ्या, पेशी बर्फावर ठेवा, म्हणजे रिसेप्टर आत ओढला जाणार नाही. नमुन्यात रोगप्रतिकारक पेशी असतील तर २.४जी२ क्लोनने एफसी रिसेप्टर आधी अडवा. मॅक्रोफेज कुठल्याही अँटिबॉडीला शेपटीकडून पकडतात आणि सगळ्यांत "पॉझिटिव्ह" दिसतात. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग लावल्याशिवाय तर मशीनजवळ जाऊच नका.

स्लाइडवर आकडे ढोबळ मिळतात, पण कुठल्या पेशीत आहे ते नजरेसमोर राहतं. शेजारच्या, पाचक रस बनवणाऱ्या, अ‍ॅसिनार पेशी कोऱ्या, आयलेट रंगलेला, त्यातही इन्सुलिनच्या रंगाशी जुळणारा: एकाच सेक्शनमध्ये हो आणि नाही दोन्ही दिसतात.

मग घ्यायचं काय

निरोगी किंवा मधुमेही उंदराच्या आयलेटवर पृष्ठभागाचा प्रश्न असेल तर लिगँड प्रोब. औषध दिलेल्या उंदरात "कमी झाला का" असा प्रश्न असेल तर नॉकआउटवर तपासलेला मोनोक्लोनल, स्लाइडवर. मेंदू असेल तर आरएनए आणि मोनोक्लोनल दोन्ही. यकृत, स्नायू, मॅक्रोफेज यांच्यात "नवाच रिसेप्टर सापडला" असं म्हणायचं असेल, तर अँटिबॉडी कुठलीही असो, नॉकआउटशिवाय तो रंग मी मान्य करणार नाही आणि चांगला परीक्षकही करणार नाही. २०१६ मध्ये मथियास उलेन आणि सहकाऱ्यांनी अँटिबॉडी तपासायचे पाच मार्ग सुचवले. त्यातला जनुकीय मार्ग, म्हणजे जनुक काढलं की रंग जायला हवा, हा माझ्या लेखी पहिला.

"नॉकआउट उंदीर आणायचे कुठून?" हा प्रश्न लगेच येतो. उंदीर आणायचे नाहीत. जिवंत जनावर आयात करायचं म्हणजे परवानग्या, नीतिसमिती, क्वारंटाइन, वर्षभराची गोष्ट. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना पत्र लिहून फिक्स केलेल्या ऊतीचा एक ब्लॉक मागायचा. जनुकाचा नेमका कुठला भाग काढलाय तेही त्याच पत्रात विचारा. अर्धवट काढलेल्या जनुकातून उरलेला तुकडा बनत असेल आणि तुमची अँटिबॉडी त्याच तुकड्याला बसत असेल तर सगळा घोळ होईल. उत्तर येईपर्यंत एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत उंदराचं जनुक घालून आणि रिकामा प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) घालून शेजारी शेजारी रंगवून बघा. पहिलीत रंग आणि दुसरीत नाही, एवढं तरी दिसायला हवं. त्यातून अँटिबॉडी रिसेप्टरला बसते हे कळतं. ती दुसऱ्या कशाला बसत नाही हे कळायला ऊतीच लागते.

आम्हाला दुसऱ्यांदा ब्लॉक आला तो एका साध्या प्लास्टिकच्या पेटीत, पॅराफिनमध्ये, बर्फाशिवाय. स्वादुपिंड, यकृत, मूत्रपिंड, प्रत्येकी एक. नव्या मोनोक्लोनलची कुपी तेव्हा मागवलेलीही नव्हती.