मतपत्रिकेवर आधी कोण? ऑनलाइन मतदान सेवेबद्दल थोडं

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची निवडणूक यंदा पहिल्यांदाच ऑनलाइन झाली आणि निवडणूक अधिकारीपद माझ्या गळ्यात पडलं. (गणिताची शिक्षिका निवृत्त झाली की आसपासच्या सगळ्या संस्थांचे हिशेब नि निवडणुका तिच्याकडेच येतात.) जागा 11, उमेदवार 19. ज्या कंपनीची सेवा घेतली तिचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि फोनवरचा त्यांचा मुलगा फार सौजन्याने बोलायचा.

ओटीपी, एसएमएस, सभासदांची यादी चढवणं हे सगळं ठीक चाललं. मला लिहायचंय ते उमेदवारांच्या नावांच्या क्रमाबद्दल, कारण सेवा निवडताना ही गोष्ट कुणी विचारतच नाही.

चाचणी मतपत्रिका उघडली तर सगळे डॉक्टर ‘ड’मध्ये एका रांगेत बसलेले! यंत्राने ‘डॉ.’ हेच नाव समजून क्रम लावला होता. दोन वकिलांची गंमत तर विचारू नका. एक यादीत सर्वांत वर, दुसरे सर्वांत खाली. दोघांच्याही नावाआधी तेच ‘ॲड.’ दिसतंय, मग हे कसं? खणल्यावर कळलं. एकाच्या अर्जात ते अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन टंकलं होतं, दुसऱ्याच्या अर्जात अख्खं ‘ॲ’ एका कळीने आलं होतं. डोळ्याला फरक नाही, पण संगणकाच्या तक्त्यात या अख्ख्या ‘ॲ’चा क्रमांक ‘ह’च्याही नंतर आहे. त्यामुळे वकीलसाहेब थेट तळाला. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ही आपल्या वर्णमालेसारखे शेवटी येत नाहीत, ते ‘क’ आणि ‘ज’मध्ये घुसतात. मराठी संस्थांना सेवा विकणाऱ्यांना हे आपल्याकडून कळावं, ही कमाल आहे. सगळ्या उपाध्या काढून आडनाव आधी अशी यादी मीच हाताने लावून दिली.

मग सचिव म्हणाले, “बाई, आता झाला ना वर्णानुक्रम? मग वाद कसला?”

वाद असा की वर्णानुक्रमही निष्पक्ष नसतो. विधानसभेच्या मतदान यंत्रावर नावं वर्णानुक्रमानेच असतात, पण तीन गटांत: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष. सर्वांत शेवटी 2013 पासून ‘नोटा’. तिथे शेजारी चिन्ह असतं आणि आता फोटोही. माणूस आपलं चिन्ह शोधून बटण दाबतो. आमच्याकडे चिन्ह नाही, पक्ष नाही. सभासद ओळखीच्या चार-पाच नावांपुढे खुणा करतो आणि उरलेल्या सहा-सात जागा वरून खाली येत भरतो. त्यात फोनच्या पडद्यावर एका वेळी सहा-सातच नावं दिसतात. खाली सरकवायचा कंटाळा केला की संपलं. आपटे-अभ्यंकरांना जन्मतः मिळालेली ही सवलत आहे. (माझं आडनाव ‘व’वरून. हजेरीत मी कायम शेवटून दुसरी.)

हे माझं खूळ नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यात मतदान केंद्रागणिक नावांचा क्रम फिरवतात. तिथल्या 1992 च्या 118 लढती तपासून दोन संशोधकांनी 1998 साली दाखवलं, की पहिल्या क्रमांकाचा फायदा सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पक्षाचं नाव छापलेलं नसेल तिथे तो जास्त दिसतो. म्हणजे आमच्यासारख्या ठिकाणी. ऑस्ट्रेलियात तर वरून खाली 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे टाकत जाणाऱ्या मताला सरळ ‘गाढव मत’ म्हणतात. 1937 साली न्यू साउथ वेल्समध्ये सिनेटसाठी मजूर पक्षाने उभ्या केलेल्या चौघांचीही आडनावं इंग्रजी ‘ए’वरून होती आणि चौघेही निवडून आले. तिथल्याच टास्मानिया राज्याने 1979 पासून यावर तोड काढली आहे. तिथे मतपत्रिकाच वेगवेगळ्या क्रमांत छापतात.

आमच्या सेवेत तीन पर्याय होते: ठरलेला क्रम, चिठ्ठ्या टाकून लावलेला क्रम, किंवा प्रत्येक मतदाराला वेगळा. चिठ्ठ्यांनी अन्याय आडनावाऐवजी नशिबाच्या हाती जातो, एवढंच. मी तिसरा पर्याय निवडला आणि दोन्ही पॅनेलं एकदमच माझ्यावर तुटून पडली. त्यांनी ‘आमचे उमेदवार 2, 5, 8...’ अशा स्लिपा छापायला टाकल्या होत्या. आता क्रमांकाला अर्थच उरला नाही! फोटोसकट नावं छापा, म्हटलं. छापली.

आता सेवेचा खरा दोष. अकरा खुणा झाल्या की ‘तपासा’ असं पान येतं. तिथून दुरुस्तीसाठी मागे गेलं की नावं पुन्हा पिसली जायची. खुणा टिकायच्या, पण जागा बदललेल्या. वाचनालयातल्या संगणकावर मत द्यायला आलेल्या एक आजी हातातल्या कागदाशी ताळा करत होत्या. मागे गेल्या आणि वैतागून म्हणाल्या, “अगं, ही माणसं हलतायत!” एका मतदाराला एकदा दाखवलेला क्रम शेवटपर्यंत तोच राहायला हवा. कंपनीला कळवल्यावर दुपारपर्यंत दुरुस्ती झाली, हे मान्य. पण हे चाचणीतच सापडायला हवं होतं.

निकालानंतर एका पराभूत उमेदवाराने मागणी केली, की कुणाला कोणता क्रम दिसला याची नोंद द्या. कंपनीने प्रत्येक नाव किती वेळा पहिल्या जागी आलं, एवढाच तक्ता दिला. सगळे आकडे पस्तिशीच्या आगेमागे, मतं साडेसहाशेच्या घरात, म्हणजे भागाकार बरोबर. मतदारवार नोंद त्यांनी नाकारली आणि इथे माझे पूर्ण गुण त्यांना. 19 नावांचे क्रम इतके असंख्य होतात, की दोन मतदारांना तोच क्रम मिळणं जवळपास अशक्य. क्रम मतासोबत साठवला आणि मतदाराच्या नावापुढेही ठेवला, तर दोन्ही जुळवून मत कुणाचं ते उघड होईल. नुसती नावं एकेक जागा पुढे सरकवली तर क्रम 19 च होतात आणि हा धोका बराच कमी होतो. पण मग लोकप्रिय उमेदवाराच्या पाठोपाठचा माणूस जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत तोच राहतो, ते वेगळं दुखणं.

दर मतदारामागे दहा रुपये पडले. कागद, छपाई आणि मोजणीच्या रात्रीचे वडे धरले तर स्वस्तच. पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या वेळीही हीच सेवा घ्यायला माझी हरकत नाही, पण करारात तीन गोष्टी लिहून घेणार: उपाध्या वगळून मराठी वर्णमालेप्रमाणे मूळ यादी, एका मतदाराला एकच क्रम, आणि चाचणी मतदान सत्तरीच्या पुढच्या निदान दहा सभासदांकडून. त्या आजींनी होकार आधीच दिलाय.