घरचा निंबोळी अर्क की दुकानातली बाटली? आधी अळीची चव समजून घ्या

सोयाबीनवर स्पोडोप्टेरा (पानं खाणारी अळी) दिसायला लागली की दरवर्षी तोच प्रश्न, अर्क घरी काढायचा की अझाडिरॅक्टिनची, म्हणजे कडुनिंबातल्या कीडनाशक द्रव्याची, बाटली आणायची. सगळे खर्च बघून ठरवतात, पण मी म्हणतो आधी अळीला चव कशी कळते ते बघा.

अळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक खुंट्या असतात, एकेकीत चवीच्या ४ पेशी. साखर लागली की काही पेशी खा म्हणतात, कडू लागलं की एखादी थांब म्हणते. अझाडिरॅक्टिन त्या कडूवाल्या पेशीला चाळवतं, मग अळी चावा घेते आणि पान सोडते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून औषध फेल गेलं असं नसतं, आणि जे पोटात जातं ते पुढे कात टाकताना घोळ घालतंच.

आता खरी गंमत. १९९६ साली कॅनडातल्या संशोधकांनी याच स्पोडोप्टेराला शुद्ध अझाडिरॅक्टिन परत परत चाखवलं तर अळ्या चक्क सरावल्या, पण तेवढंच अझाडिरॅक्टिन असलेल्या कडुनिंबाच्या अर्काला नाही सरावल्या! अर्कात बाकीची कडू द्रव्यं पण असतात, बहुधा म्हणूनच.

म्हणून चवीच्या बाबतीत माझं मत घरच्या अर्काला. ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर करायचं, त्याच दिवशी मारायचं. कटकट खूप आहे, नीट गाळलं नाही की नोझल चोंदतं (माझं दोनदा चोंदलंय), आणि निंबोळी बुरशी लागलेली असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

बाटलीत ही झंझट नाही, ताकद लेबलवर लिहिलेली, मजूर नसतील तर तीच घ्या. फक्त ३०० पीपीएम आणि १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिनचे किती भाग) एकच समजू नका, आणि नुसता आकडा मोठा म्हणून उडी पण नको, लेबलवर निंबोळी तेल किंवा अर्काचा बेस आहे का वाचा.

दोन्हीपैकी काहीही मारा, पण संध्याकाळी, उन्हात अझाडिरॅक्टिनची ताकद लवकर उतरते. आणि अळ्या लहान असतानाच. जाळी झालेल्या पानावर पिल्लं घोळक्याने बसलेली दिसली तर पंप भरायच्या आधी ती पानंच तोडून टाका.