९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर: खिडकीवरची जुनी खरखर

सरकारी काउंटरवर हा प्रिंटर अजून टिकून आहे, त्याला सबळ कारण आहे. हेडमधल्या, म्हणजे छापणाऱ्या भागातल्या, बारीक पिना शाईच्या रिबनवर आणि कागदावर प्रत्यक्ष आदळतात, त्यामुळे कार्बनलेस संचाच्या (दाब पडताच खालच्या पानांवर अक्षर उमटवणाऱ्या कागदांच्या) तीन प्रती एका फटक्यात निघतात. लेझर किंवा इंकजेटला हे जमत नाही. पावतीच्या कामात आम्ही याला आजही पहिली पसंती देऊ.

मात्र देवनागरी हा याचा कच्चा दुवा. यंत्रातला अंगचा फाँट इंग्रजी. मराठी मजकूर चित्र म्हणून छापला जातो आणि वेग स्पष्टपणे मंदावतो. पिनांमधलं अंतर १/७२ इंच, म्हणून बारीक अक्षरातली जोडाक्षरं गिचमिड होतात. एखादी पिन मोडली की ओळीत आडवी पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेखेवर आली तर अक्षरांचं डोकंच उडतं.

पिन बहुधा सैल रिबनमध्ये अडकून मोडते. म्हणून नवी रिबन बसवताना यंत्र बंद करा, हेड थंड होऊ द्या, मग कार्ट्रिजची गुंडी बाणाच्या दिशेने फिरवून ताण द्या.

वरची प्रत फिकट आणि खालची ठळक? रिबन संपली आहे. खालच्या प्रती दाबाने उमटतात, शाईने नव्हे. आणि नागरिकाच्या हाती जाते ती वरचीच! कागदाच्या जाडीचा खटका प्रतींच्या संख्येनुसार बदला. तो पुढेमागे करायला दोन सेकंद लागतात, तरी बहुतेक ठिकाणी तो कुणी हलवतच नाही.